सुरक्षा प्रश्नाचे उत्तर विसरलात? खाते परत कसे मिळवायचे आणि पुढे कसे सांभाळायचे

ऑनलाइन खाते उघडताना काही ठरावीक प्रश्न विचारले जातात. आईचे माहेरचे आडनाव काय? जन्म कोणत्या गावी झाला? पहिली शाळा कोणती? फॉर्म भरण्याच्या घाईत आपण काहीतरी लिहून पुढे जातो. दोन-चार वर्षांनी पासवर्ड आठवत नाही, तेव्हा संगणक तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि आपण दिलेले उत्तर चुकीचे ठरवतो. स्वतःच्या आईचे आडनाव माहीत असूनही आपण स्वतःच्याच खात्याबाहेर उभे राहतो.

ही अडचण दिसायला किरकोळ आहे, पण तिची किंमत मोठी असू शकते. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, दरवर्षीचे नूतनीकरण, जात पडताळणीचा अर्ज, वडिलांचा भविष्य निर्वाह निधी, बँक आणि या सगळ्यांना जोडलेला ईमेल, अशी आज घरातली निम्मी कामे ऑनलाइन खात्यांवर अवलंबून आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९९० साली अनुसूचित जातींचा घटनात्मक दर्जा बौद्धांनाही लागू झाला. एवढ्या लढ्यानंतर मिळालेला हक्क एका विसरलेल्या उत्तरापायी मुदतीबाहेर जाऊ नये, म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यातले तरुण आणि कार्यकर्ते आमच्या डोळ्यांसमोर आहेत, पण ती कुठेही उपयोगी पडेल.

सुरक्षा प्रश्न कुठे भेटतो?

२००० नंतरच्या दशकात नेट कॅफेत बसून याहू, हॉटमेल, रेडिफमेलवर खाती उघडली जात, तेव्हा हा प्रश्न जवळजवळ सगळीकडे असे. पासवर्ड हरवला तर ओळख पटवण्याचा तोच सोपा मार्ग होता, कारण तेव्हा प्रत्येकाकडे मोबाइल नव्हता. आयकर विभागाच्या जुन्या ई-फायलिंग संकेतस्थळावरही पासवर्ड बदलण्याच्या पर्यायांत गुप्त प्रश्न होता. ७ जून २०२१ रोजी नवे संकेतस्थळ आले आणि भर आधार ओटीपी व इतर मार्गांवर गेला. स्टेट बँकेच्या नेट बँकिंगमध्ये लॉगिन पासवर्डशिवाय वेगळा प्रोफाइल पासवर्ड असतो आणि तो ठरवताना हिंट प्रश्न व उत्तर घेतले जाते. पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर नोंदणी करतानाही हिंट प्रश्न विचारला गेल्याचे अनेकांना आठवत असेल.

आता बहुतेक ठिकाणी प्रश्नाची जागा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने घेतली आहे. तरी जुनी खाती जुन्याच प्रश्नांवर चालू आहेत. शिवाय ओटीपी आला म्हणून सगळे सुटत नाही. तो कोणाच्या मोबाइलवर येतो, हा नवा प्रश्न उभा राहतो. त्याकडे पुढे येऊ.

उत्तर माहीत असूनही चुकते, ते का?

पहिले कारण स्पेलिंग. फॉर्म इंग्रजीत आणि आडनाव मराठी. 'वानखेडे' लिहिताना सुरुवातीला व्ही की डब्ल्यू? 'गायकवाड'मध्ये के नंतर ए आहे की नाही? अनेक संकेतस्थळांना असा एका अक्षराचा फरक चालत नाही. काही ठिकाणी लहान-मोठ्या लिपीतली अक्षरे आणि मधली मोकळी जागाही मोजली जाते.

दुसरे कारण, खरे उत्तरच एक नसते. जन्म उल्हासनगरच्या दवाखान्यात, घर कल्याण पूर्वेला, मूळ गाव मराठवाड्यात किंवा विदर्भात. मग "जन्मगाव" म्हणून आपण नेमके काय लिहिले होते? जिल्हा विचारला तर आणखी घोळ. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याआधी डहाणू किंवा वसईत जन्मलेल्यांच्या जुन्या कागदांवर ठाणे जिल्हाच आहे. राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलून घेतलेली कुटुंबे आपल्यात आहेत. त्यांच्या खात्यात जुने आडनाव की नवे, हे खाते कधी उघडले त्यावर ठरते.

तिसरे कारण सगळ्यांत जास्त त्रास देते. उत्तर आपण लिहिलेलेच नसते. फॉर्म स्टेशनजवळच्या दुकानात भरला आणि तिथल्या मुलाने वेळ वाचवण्यासाठी प्रत्येक ग्राहकाला एकच ठरलेले उत्तर टाकले. कधी मोबाइल आणि ईमेलही त्याचाच टाकला. असे खाते आपल्या नावाचे असते, पण ताबा दुसऱ्याकडे असतो.

आपली उत्तरे खरेच गुप्त आहेत का?

शाळा सोडल्याचा दाखला काढून बघा. त्यावर आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आधीची शाळा, सगळे आहे. एका कागदात तीन-चार सुरक्षा प्रश्नांची उत्तरे. या दाखल्याची झेरॉक्स आपण किती ठिकाणी दिली आणि त्याचा फोटो किती व्हॉट्सअॅप गटांवर गेला, याचा हिशेब कोणाकडेच नसतो. आईचे माहेरचे आडनाव शोधायलाही कष्ट पडत नाहीत. वधू-वर परिचयाच्या बायोडाटात मामाचे नाव आणि गाव असते, लग्नपत्रिकेतही मामांची नावे छापलेली असतात.

दुसरी बाजू अंदाजाची. आवडता नेता, आवडते पुस्तक, आवडते ठिकाण, लक्षात राहणारी तारीख, असे प्रश्न आले की आपल्यापैकी बहुतेकांची उत्तरे कोणती असतील, हे वस्तीतले पोरही सांगेल. बाबासाहेब, दीक्षाभूमी, चैत्यभूमी, १४ एप्रिल. ही नावे आणि तारखा जितक्या जवळच्या, तितक्या त्या कुलूप म्हणून निकामी, कारण त्या लाखो लोकांच्या एकच आहेत. पासवर्डलाही हीच गोष्ट लागू.

हा दोष आपल्यापुरता नाही. गूगलच्या संशोधकांनी २०१५ साली आपल्या वापरकर्त्यांच्या लाखो प्रश्नोत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. "आवडता पदार्थ कोणता?" या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी भाषक वापरकर्त्यांच्या बाबतीत एकाच प्रयत्नात ओळखण्याची शक्यता १९.७ टक्के निघाली. त्याच वेळी अमेरिकेतल्या इंग्रजी भाषक वापरकर्त्यांपैकी ४० टक्के लोकांना गरज पडली तेव्हा स्वतःचेच उत्तर आठवले नाही. म्हणजे हे कुलूप चोराला सोपे आणि मालकाला अवघड. २००८ साली अमेरिकेतल्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे याहू खाते असेच उघडले गेले होते. जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याची भेट कुठे झाली, एवढी माहिती पुरली, आणि ती सगळी जाहीर होती. याहूची २०१३ सालची मोठी माहितीचोरी नंतर उघड झाली. तिने तीनशे कोटी खात्यांना गाठले आणि चोरीच्या माहितीत सुरक्षा प्रश्नोत्तरेही होती. त्या काळातले तुमचे याहू खाते असेल आणि तेच उत्तर आज दुसरीकडे वापरात असेल, तर ते बदलाच.

उत्तर आठवत नाही, तर काय करायचे?

१. अंदाजाने उत्तरे टाकत बसू नका. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते काही तासांसाठी किंवा दिवसांसाठी बंद होते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी हे घडले तर इलाज उरत नाही. दोनदा चुकले की थांबा.

२. कागदावर शक्यता लिहा. आडनावाची दोन-तीन स्पेलिंगे, गाव, तालुका, जिल्हा. खाते कोणत्या वर्षी, कुठे आणि कोणी उघडले, हे आठवा. जुनी डायरी, फॉर्मची छापील प्रत, नोंदणीनंतर आलेला ईमेल किंवा एसएमएस शोधा. युजरनेम बहुधा तिथेच सापडते.

३. प्रश्न टाळून जाणारा मार्ग बघा. बहुतेक ठिकाणी "दुसरा मार्ग वापरा", मोबाइल ओटीपी, ईमेल दुवा किंवा आधार ओटीपी असा पर्याय असतो. त्यातला एक चालला तरी पुरे.

४. जुन्याच मोबाइलवरून किंवा संगणकावरून प्रयत्न करा. गूगल खाते परत मिळवताना ओळखीचे उपकरण, नेहमीचा ब्राउझर आणि नेहमीची जागा यांचा फायदा होतो. घरच्या फोनवर जे जमते, ते अनोळखी कॅफेत जमेलच असे नाही.

५. पहिल्यांदा ईमेल सोडवा. बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे ईमेलवर येतात. ईमेल हातात आला की निम्मे काम झाले.

६. काहीच चालले नाही तर लेखी अर्ज करा. तक्रार क्रमांक घ्या, अडलेल्या पानाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवा. मुदत चुकली तर आपण प्रयत्न केल्याचा पुरावा हाच असतो.

कोणत्या खात्यासाठी कुठे जायचे?

महाडीबीटी: युजरनेम आणि पासवर्ड विसरल्याचे पर्याय लॉगिनच्या पानावरच आहेत. ते चालत नाहीत म्हणून घाईने दुसरे प्रोफाइल उघडू नका. एका विद्यार्थ्याची दोन प्रोफाइले झाली की नूतनीकरण आणि पडताळणी दोन्ही अडकण्याचा धोका असतो. आधी महाविद्यालयातल्या शिष्यवृत्ती कक्षाला लेखी कळवा, कारण अर्ज तिथून पुढे जातो. त्यानंतरची पायरी म्हणजे समाज कल्याणच्या सहाय्यक आयुक्तांचे ठाण्यातले कार्यालय.

बँक: हिंट प्रश्नाचे उत्तर विसरले तर खातेपुस्तक आणि ओळखपत्र घेऊन शाखेत जा. बँकेचा मदत क्रमांक गूगलवर शोधू नका, तो पासबुकवर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो.

भविष्य निर्वाह निधी: डोंबिवली एमआयडीसी, वागळे इस्टेट किंवा अंबरनाथच्या कारखान्यांत काम केलेल्या आई-वडिलांची खाती बहुतेक वेळा मुलेच हाताळतात. पासवर्ड विसरल्यास युएएन आणि नोंदवलेल्या मोबाइलवरचा ओटीपी लागतो. नंबर बदलला असेल तर नाव, जन्मतारीख आणि आधार वा पॅनचा तपशील जुळल्यावर नवा नंबर देता येतो. नावात किंवा जन्मतारखेत फरक असेल तर आधी ती दुरुस्ती करून घ्यावी लागते.

डिजिलॉकर: इथे सहा आकडी पिन असतो. तो विसरला तर ओटीपीने नवा ठरवता येतो. दाखले आणि गुणपत्रिका इथे ठेवल्या तर दर वेळी झेरॉक्स वाटत फिरण्याची गरजही कमी होते.

नंबरच आपला नसेल तर

बहुतेक प्रकरणांचे मूळ इथे सापडते. खात्याला जोडलेला नंबर दुकानदाराचा, शेजाऱ्याचा किंवा रिचार्ज न केल्याने बंद पडलेला असतो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मग आपला ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जातो.

सिम हरवले असेल तर ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दालनात जा आणि त्याच नंबरचे नवे सिम मागा. ते तुमच्या नावावर असेल तरच मिळेल, म्हणून घरातली सिमकार्डे कोणाच्या नावावर आहेत हे आजच तपासा. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत, हे केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर बघता येते. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येते.

आधारला जोडलेला नंबर जुना असेल तर आधी तो बदला. आधार केंद्राशिवाय इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या पोस्टमनमार्फतही हे काम होते. ही सोय २०२१ पासून आहे. आधारविषयीचा मदत क्रमांक १९४७. आधारचा नंबर आपला झाला की इतर खाती सोडवणे सोपे जाते.

दुकानदाराचा नंबर किंवा ईमेल लागलेला असेल तर त्याच्याकडे शांतपणे जा. त्याच्यासमोर लॉगिन करून नंबर, ईमेल, पासवर्ड आणि सुरक्षा प्रश्न, चारही बदला. नुसता पासवर्ड बदलला आणि बाकी तसेच राहिले, तर दार पुन्हा उघडता येते.

पुढच्या वेळी उत्तर कसे ठरवायचे?

प्रश्न टाळता येत नसेल तर खरे उत्तर देण्याचे बंधन नाही. संकेतस्थळ आईचे आडनाव पडताळत बसत नाही, तुम्ही आधी लिहिलेली अक्षरे जुळतात का एवढेच बघते. म्हणून प्रश्नाशी संबंध नसलेले तीन शब्द ठरवा, उदाहरणार्थ एक भाजी, एक रंग आणि एक आकडा. ते दुसऱ्या कोणत्याही खात्यात वापरू नका.

असे उत्तर लक्षात राहत नाही, हे गृहीत धरा आणि लिहून ठेवा. गूगलच्या त्याच अभ्यासात अनेकांनी मुद्दाम खोटी उत्तरे दिली होती, पण सगळ्यांची खोटी उत्तरे एकाच साच्यातली निघाल्याने ती ओळखणे उलट सोपे झाले. घरातल्या एका वहीत खात्याचे नाव, युजरनेम, प्रश्न आणि उत्तर अक्षर न अक्षर लिहा आणि वही दाखल्यांच्या फाइलीत ठेवा. दूरवरच्या चोराला कपाटातली वही दिसत नाही, पण फोनमधला फोटो दिसू शकतो. ज्यांना जमते त्यांनी पासवर्ड मॅनेजर वापरावा. ईमेल आणि बँकेला दुहेरी पडताळणी लावा, आणि गूगलकडून मिळणारे बॅकअप कोड त्याच वहीत उतरवा.

विहार, मंडळ, संस्था यांची खाती

ही जबाबदारी कार्यकर्त्यांची. विहार समितीचा ईमेल, जयंती मंडळाचे फेसबुक पान, यूट्यूब वाहिनी, ही खाती बहुधा उत्साही सचिवाच्या वैयक्तिक नंबरवर उघडली जातात. सुरक्षा प्रश्नाचे उत्तर त्याच्या पहिल्या शाळेचे असते. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला जातो, कार्यकारिणी बदलते, कधी मतभेद होतात. मग वर्षानुवर्षांचे फोटो, पत्रव्यवहार आणि हिशेब हातचे जातात.

संस्थेच्या खात्याचे प्रश्नोत्तर कोणाच्याही आयुष्याशी जोडलेले नसावे. फेसबुक पान आणि यूट्यूब वाहिनीवर किमान दोन जणांना पूर्ण अधिकार द्या. खात्यांचा तपशील बंद पाकिटात अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष अशा दोघांकडे ठेवा. पदाधिकारी बदलले की पावतीपुस्तक आणि शिक्का सोपवतो तशीच खातीही सोपवा, बैठकीच्या इतिवृत्तात नोंद करा आणि त्याच दिवशी नंबर, पासवर्ड व उत्तरे बदला. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक गूगल खाते कंपनी हटवू शकते, म्हणून जुना ईमेलही अधूनमधून उघडत राहा.

फसवणुकीपासून सावध

खाते अडले की माणूस घाबरतो आणि त्याच वेळी "अकाउंट रिकव्हरी करून देतो" म्हणणारे भेटतात. पैसे आधी मागणारा, ओटीपी विचारणारा किंवा फोनचा पडदा दिसेल असे अॅप टाकायला सांगणारा माणूस मदत करायला आलेला नसतो. ओटीपी आणि सुरक्षा प्रश्नाचे उत्तर बँकेच्या माणसालाही सांगायचे नसते.

खात्यातून पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर हा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख फसवणुकीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कार्यालयातून "ऑनलाइनच करा, आमच्या हातात काही नाही" असे उत्तर मिळाले तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रकरण अॅसिड हल्ल्यातल्या पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या केवायसीचे होते, पण दारातच अडवल्या गेलेल्या प्रत्येकासाठी त्यातले तत्त्व महत्त्वाचे आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

तरुणांसाठी एक काम

महाविद्यालये सुरू होण्याआधीच्या एखाद्या रविवारी विहारात दोन तासांचे टेबल मांडता येईल. नियम तीनच. मदत करणाऱ्याने कोणाच्याही खात्याला स्वतःचा नंबर किंवा ईमेल लावायचा नाही. पासवर्ड आणि उत्तर ज्याचे त्याने स्वतः टाइप करायचे, टाइप जमत नसेल तर घरच्या माणसाला सोबत बसवायचे. उठण्याआधी प्रत्येकाने आपल्या वहीत युजरनेम, जोडलेला नंबर आणि प्रश्नोत्तर लिहिले आहे, हे बघायचे. त्या टेबलावर येणाऱ्या बहुतेकांचे खाते त्या दिवशी अडलेले नसेल. तेव्हाच हे काम करून ठेवायचे, कारण अर्जाच्या शेवटच्या रात्री वही शोधून उपयोग नसतो.